निकटचं कारण

सर्जेकोटच्या वाळूत होडी कुशीवर पडली होती,
‘श्री गांगो प्रसन्न’,
त्यातला ‘प्रसन्न’ फुटक्या फळीबरोबर गेलेला.
मी टेप लावला : अडतीस फूट चार इंच.
इंजिनात वाळू, डिझेलच्या टाकीत एक जिवंत खेकडा.
तो मी नोंदवला नाही.

सर्व्हेअरचं काम तसं सरळ असतं.
नवी होती तेव्हा नऊ लाखांची, वर्षं झाली अकरा,
घसारा वजा, भंगाराची किंमत वजा,
उरेल ते नुकसान.
बाकी जे जातं त्याला रकाना नाही.

रुक्मांगद मेथर चार दिवसांची दाढी खाजवत
माझ्याशी नाही, होडीशी बोलत होता.
शेवंती मात्र समोर उकिडवी बसली, म्हणाली,
“पैसे कंपनी देता, ता खरा.
पण कंपनीकडे खयसून येतत?”

पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
सांगितलं : जे बुडाले नाहीत त्यांच्याकडून.
वेरावळचा कुणी, पारादीपचा कुणी,
तुमच्यासारखाच हप्ता भरलेला,
कुरकुरत, अगदी शेवटच्या तारखेला,
आणि ज्याची होडी यंदाही सुखरूप धक्क्याला लागली.
पैसे फुकट गेले, असं तो बायकोला सांगतो.
ते इथे आलेले असतात.

“त्येंका आमी म्हायत आसंव?”
नाही.
“आमका ते?”
नाही.
ती गप्प झाली. वाळूत बोटाने एक रेघ ओढली, लांब,
हात पुरेना तेव्हा थांबली.
“म्हणजे रापणच ती,” म्हणाली.
“दोराचा दुसरा टोक काळोखात.”

मग मी तो प्रश्न विचारला, जो सकाळपासून टाळत होतो.
एकतीस मेची रात्र. बाराच्या ठोक्याला बंदी सुरू.
बंदीत बुडालेल्या होडीला पॉलिसी ओळख देत नाही.
होडी गेली कधी?

रुक्मांगद पहिल्यांदा माझ्याकडे वळला.
“बाराच्या आत.”
झटकन, पाढा म्हटल्यासारखं.
मी पेन टेकवलं. लिहिलंही असतं.
दर्या साक्षीला येत नाही,
आणि दोघे खलाशी केव्हाच नेपाळच्या वाटेला लागलेले.

शेवंती म्हणाली, “खडपाक लागली तेव्हा बाराक वीस कमी.
बुडाली ती साडेबाराक.
झिलाचे दोन फोन इले माका, हे बघा.”

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं
की मी टेप पुन्हा गुंडाळायला घेतला, उगाच.

“बघतास काय?
रापणीत एखादो नुसतोच दोर धरून उभो ऱ्हवलो
तर बाजूच्याच्या हाताक कळता.”

आमच्या धंद्यात एक शब्द आहे : निकटचं कारण.
निकट म्हणजे घड्याळात शेवटचं नव्हे,
ज्याने पुढचं सगळं घडवलं ते.
पाणी बारानंतर भरलं असेल.
दगड आधीचा आहे.
मी दोन्ही वेळा लिहिल्या, दगड वर, पाणी खाली,
आणि दोन्ही फोनचे फोटो जोडले.
वरचे साहेब कुठून वाचायला लागतील
ते माझ्या हातात नाही.

निघताना तिने सुक्या बांगड्यांची पुडी पुढे केली.
म्हटलं, आम्हाला घेता येत नाही, नियम आहे.
“तुमका कोण देता?” म्हणाली.
“त्या वेरावळच्याक.”

पुडी अजून गाडीच्या डिकीत आहे.
फाइल मुंबईला गेली, उत्तर आलेलं नाही.
कसालच्या पेट्रोल पंपावरचा पोरगा नाक मुरडतो,
विचारतो, काय भरलंय?